जागा सोडलेला हत्ती आणि घोडा

नांदेड-लातूरकडच्या शाळेची सहल मुंबईला निघाली की राणीची बाग, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, कार्यक्रमात असतेच. मुले पिंजऱ्यांपाशी गर्दी करतात, पेंग्विनसाठी रांग लावतात आणि शेवटी दगडी हत्तीपुढे उभे राहून फोटो काढतात. गुरुजी हजेरी घेतात आणि बस सुटते. या बागेतील दोन प्राणिशिल्पे एवढ्यावर सोडून देण्यासारखी नाहीत. त्यांच्यात इतिहास आहे तसे विज्ञानही आहे, आणि आपण दोन्ही वाया घालवतो अशी माझी तक्रार आहे.

आधी हत्ती. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला हा काळ्या पाषाणाचा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच त्या बेटाला ‘एलेफंटा’ म्हटले. १८१४ मध्ये त्याचे डोके व मान निखळून पडली. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईच्या या बागेत आले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला.

यारी का मोडली असावी, हा वर्गात सोडवण्याजोगा प्रश्न आहे. जिवंत प्राण्याची घनता साधारण पाण्याएवढी असते. बेसॉल्टची घनता पाण्याच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे चार टनांच्या हत्तीएवढे भरीव दगडी शिल्प सुमारे बारा टनांचे होईल. शिवाय दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून दगडी प्राण्याची मान आणि सोंड ही त्याची दुबळी ठिकाणे. या हत्तीचे डोके आणि मान आधी गेली, यात नवल नाही.

आता शिल्प म्हणून पाहू. शिल्पकाराने हत्तीचा भार नेमका पकडला आहे. पाय खांबासारखे सरळ, धड एकसंध, नक्षीचा सोस नाही. सिमेंटच्या बागेतले हत्ती याच ठिकाणी चुकतात. पुष्कळांचे कान आफ्रिकी हत्तीसारखे खांद्यावर पसरलेले, पाठ मध्ये खोलगट, आणि कपाळ मात्र आपल्याकडच्या हत्तीसारखे दोन उंचवट्यांचे! आशियाई हत्तीचे कान लहान असतात, पाठ वर उचललेली असते आणि सोंडेच्या टोकाला बोटासारखा एकच उंचवटा असतो. आफ्रिकी हत्तीला असे दोन असतात. अशी खिचडी मुलांच्या डोळ्यांत एकदा बसली की पाठ्यपुस्तकातले चित्र ती सहज पुसून टाकत नाही.

दुसरे शिल्प घोड्याचे. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असताना दिलेल्या १८७५ च्या भेटीच्या स्मरणार्थ उभारलेला हा अश्वारूढ पुतळा शिल्पकार बोहेम याचा. तो १८७९ मध्ये उभा राहिला आणि १९६५ मध्ये राणीच्या बागेत आला. ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथिल यांचा मिश्रधातू. हवेतल्या वायूंशी संयोग होऊन तो वर्षानुवर्षे काळवंडतो. लोकांनी त्या परिसराला युवराजाचे नाव दिले नाही, ‘काळा घोडा’ म्हटले. पुतळा हलला तरी नाव तिथेच राहिले, आणि २०१७ मध्ये तिथे स्वाराविना नवा घोडा उभा राहिला. लोकांनी राजाला वगळून प्राणी लक्षात ठेवला, ही मला त्या शिल्पावरची सर्वांत प्रामाणिक समीक्षा वाटते.

एक गोष्ट ध्यानात घ्या. हत्तीने बेटाला नाव दिले, घोड्याने एका चौकाला. दोघांनीही आपली जागा सोडली आणि दोघेही एकाच बागेत येऊन राहिले. प्राणी अधिवासातून काढला की त्याचे काय होते, हे आपण मुलांना शिकवतो. शिल्पाचेही तसेच होते. बेटावर उतरणाऱ्या माणसाला सामोरा येणारा हत्ती आणि संग्रहालयाच्या आवारातला हत्ती यांचा दगड एक असला तरी अर्थ एक नाही. तरीही तो वाचला, हेही खरे. म्हणून बाग दोषी नाही. त्याची मूळ जागा मुलांना न सांगणारे आपण दोषी आहोत.

चुकीचे शिल्पही उपयोगी पडते, हे लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेने दाखवले आहे. तिथे १८५४ मध्ये वॉटरहाउस हॉकिन्सने डायनोसॉरांचे पुतळे उभे केले. त्यात इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग आहे. १८७८ मध्ये बेल्जियममध्ये सांगाडे मिळाले आणि तो अंगठ्याचा काटा असल्याचे स्पष्ट झाले. पुतळे मात्र तसेच जपले गेले. विज्ञान कसे चुकते आणि सुधारते हे ते आजही दाखवतात. आपल्या गावच्या बागेतला चुकीचा हत्ती पाडायला नको. त्याच्याशेजारी ‘यातल्या चुका शोधा’ असा फलक पुरे.

हे काम मुंबईला न जाताही होते. निलंग्याचे नीलकंठेश्वर, मुखेडचे दशरथेश्वर, होट्टलची मंदिरे आपल्या दाराशी आहेत. मुलांना तिथे न्यावे आणि कोरलेले हत्ती व सिंह शोधायला सांगावे. जुन्या मंदिरांवर हत्ती बहुधा खरा वाटतो, सिंह मात्र कल्पनेतला. कारण सोपे असावे. हत्ती राजदरबारात आणि सैन्यात रोज दिसे. सिंहाचा वावर मात्र मुख्यतः नर्मदेच्या उत्तरेला. पाहिलेले आणि ऐकलेले यांतला फरक दगडात उतरतो. निरीक्षण म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्ये हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून हलवून मोकळ्या जागी ठेवण्याचे निर्देश दिले. हत्तींच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण त्यामुळे मुलांना जवळून दिसणारा हत्ती अधिकाधिक दगडाचा किंवा सिमेंटचाच असणार. म्हणून तो कसा घडवला आहे, हा प्रश्न आता निव्वळ सजावटीचा उरलेला नाही. पुढच्या सहलीत फोटोआधी दहा मिनिटे काढा. प्रत्येक मुलाने पुढच्या पायाचे मनगट आणि मागच्या पायाचा गुडघा कुठे आहे ते वहीत काढावे. हत्ती बसतो तेव्हा कोणता सांधा कुठे वाकतो, हे विचारणारा एक जरी मुलगा निघाला, तरी तुमची सहल सत्कारणी लागली.