'संयम' की मौन? : शालेय लैंगिक शिक्षणविषयक वादाची चिकित्सा

शालेय लैंगिक शिक्षणाविषयी मराठीत होणारी चर्चा गेली सुमारे दोन दशके एका ठरावीक द्वंद्वाभोवती फिरत आहे. एका बाजूस 'विवाहापर्यंत केवळ संयम' हे सूत्र, तर दुसऱ्या बाजूस शरीर, नातेसंबंध, संमती व सुरक्षितता यांचा अंतर्भाव असलेले 'सर्वंकष' लैंगिकता शिक्षण. परिसंवादांतून आणि शोधनिबंधांतून ही मांडणी इतकी रूढ झाली आहे की ती आपल्या परिस्थितीला लागू पडते काय, असे सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न उपस्थित केला आहे.

हे द्वंद्व मूलतः अमेरिकेतील आहे. तेथे १९९६ च्या कल्याणविषयक कायद्यान्वये संयमशिक्षणासाठी दरवर्षी पाच कोटी डॉलरची तरतूद करण्यात आली आणि असे शिक्षण म्हणजे काय याची आठ कलमांची व्याख्याही कायद्यातच देण्यात आली. विवाहबाह्य संबंधांमुळे मानसिक व शारीरिक हानी संभवते असे शिकवावे, हे त्यांतील एक कलम. या भूमिकेशी मतभेद असू शकतात. प्रस्तुत लेखिकेचे आहेतच. परंतु तो एक अभ्यासक्रम होता. त्याला तासिका होत्या, शिक्षक होते, पाठ्यसाहित्य होते आणि म्हणूनच त्याची परीक्षाही घेता आली. अमेरिकन संसदेच्या आदेशाने चार कार्यक्रमांचे मूल्यमापन झाले व त्याचा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन हजारांहून अधिक मुलांच्या या पाहणीत कार्यक्रमात सहभागी झालेली मुले आणि न झालेली मुले यांच्यात लैंगिक संयमाच्या दृष्टीने फरक आढळला नाही. दोन्ही गटांत निम्मी मुले संयमी राहिली होती. दावा मांडला गेला, तो तपासला गेला आणि टिकला नाही.

त्याच २००७ साली महाराष्ट्रात काय घडले? केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालय व राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाच्या साहित्यावरून, विशेषतः त्यातील चित्रांवरून, गदारोळ झाला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी हा कार्यक्रम थांबविला. या राज्यांत वेगवेगळ्या पक्षांची सरकारे होती, त्यामुळे हा प्रश्न केवळ एका विचारसरणीचा म्हणून बाजूला सारता येत नाही. चित्रे अयोग्य होती असे क्षणभर मान्य करू. मग चित्रे बदलता आली असती. त्यांच्या जागी संयमाचा अभ्यासक्रम तरी आला काय? तोही आला नाही. ज्याला आपण 'संयमवादी पक्ष' म्हणतो, त्याने शिकविण्याजोगे काहीच पुढे ठेवले नाही. आपल्याकडील खरा संघर्ष म्हणूनच संयम आणि सर्वंकषता यांच्यातील नसून मौन आणि बोलणे यांच्यातील आहे.

राज्यसभेच्या याचिका समितीने २००९ मध्ये सादर केलेला अहवाल या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. शाळांमध्ये लैंगिक शिक्षण असू नये, विवाहपूर्व संबंध टाळण्याचा संदेश द्यावा आणि एचआयव्हीसारखे विषय अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात घ्यावेत, असा समितीचा सूर होता. वरवर समंजस वाटणारी ही शिफारस वर्गात नेऊन पाहावी. अकरावीत कला किंवा वाणिज्य शाखा घेणारी मुलगी जीवशास्त्र शिकत नाही. दहावीनंतर शाळा सोडणारी मुलगी अकरावीत येतच नाही. मासिक पाळी मात्र कोणतीही शाखा विचारून येत नाही! ज्ञान कोणाला द्यावयाचे हे येथे विज्ञान शाखेच्या प्रवेशयादीने ठरते.

याहून मूलभूत अडचण 'विवाहापर्यंत' या शब्दात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह वयाच्या अठराव्या वर्षापूर्वी झालेला होता. ऊसतोडीच्या हंगामापूर्वी जिचे लग्न उरकले जाते, तिच्या बाबतीत ही मर्यादा नववीतच संपते. तिला संयमाचा उपदेश निरुपयोगी, कारण निर्णय तिचा नाही. आणि गर्भधारणेविषयीची माहिती तिच्या वाट्याला येत नाही, कारण ती अकरावीसाठी राखून ठेवलेली आहे. बालविवाह बेकायदेशीर आहे हे तिला सांगितल्याने तिच्या पदरात फारसे पडत नाही.

हे सारे पाश्चात्त्य खूळ असल्याचा आक्षेप तर मराठी वाचकाने घेऊच नये. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले. ब्रह्मचर्याच्या गांधीप्रणीत आग्रहाला त्यांनी सातत्याने विरोध केला. १९३४ मध्ये त्यांच्यावरील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण खटला कशाबद्दल होता हे क्वचित सांगतो. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील ठरविण्यात आली होती. तेव्हाही उत्तर देणे हाच गुन्हा होता. कर्व्यांच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. त्यांचा वाचक प्रौढ व साक्षर होता, शाळकरी मूल नव्हते; आणि सुप्रजाशास्त्रावरील त्यांचा विश्वास आज स्वीकारता येत नाही.

आता पाठ्यपुस्तकाकडे वळू. २०१८ पासून लागू झालेल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात मानवी प्रजनन, ऋतुचक्र, टेस्ट ट्यूब बेबी, इतकेच नव्हे तर भाडोत्री मातृत्वही आहे. म्हणजे मजकुराची वानवा नाही. परंतु हा पाठ कसा 'घेतला' जातो? प्रस्तुत लेखिकेच्या शालेय दिवसांत तो 'घरी वाचून या' म्हणून सोडला गेला होता, आणि आज प्रथम वर्षातील विद्यार्थिनी जवळजवळ तेच वाक्य सांगतात. याचे खापर केवळ शिक्षकांच्या संकोचावर फोडणे अन्यायाचे होईल. मराठीत या विषयाचे शब्द एक तर संस्कृत परिभाषेतील आहेत, नाही तर शिवीतील. मधली भाषा आपण घडविलीच नाही, आणि हे काम विज्ञानाच्या शिक्षकाचे नसून भाषेच्या प्राध्यापकांचे होते.

सर्वंकष शिक्षणाचे समर्थकही एका प्रश्नाला बगल देतात. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने संमतीचे वय अठरा ठरविले आणि गुन्ह्याची माहिती मिळताच ती पोलिसांना कळविणे बंधनकारक केले. सोळा-सतरा वर्षांच्या दोन मुलांच्या परस्परसंमतीच्या नात्यालाही कायद्याच्या लेखी संमती नाही. 'संमती' हा पाठ शिकविणाऱ्या शिक्षिकेला एखाद्या मुलीने विश्वासाने काही सांगितले, तर तिने तो विश्वास जपावा की ठाणे गाठावे? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मधील निकालात सर्वंकष लैंगिक शिक्षणाची शिफारस केली व ते पाश्चात्त्य असल्याचा गैरसमज खोडून काढला, हे स्वागतार्ह आहे. पण वर्गातील हा पेच त्याने सुटत नाही. आपल्या निबंधांतून तर त्याचा उल्लेखही अपवादानेच येतो.

महाविद्यालयांत आपण काय करतो, तेही पाहावे. १ डिसेंबरला एड्स दिनानिमित्त फेरी निघते, रांगोळी स्पर्धा होते, अहवालात छायाचित्र लागते. दोन वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही फेरीऐवजी एक बंद पेटी ठेवली आणि निनावी प्रश्न मागविले. टवाळीच्या चिठ्ठ्या येतील अशी भीती होती. तशा दोन-तीन आल्याही. बहुतेक चिठ्ठ्या पाळीतील वेदना, स्वप्नावस्था, रंगरूप आणि नको असलेले स्पर्श यांविषयी होत्या. संबंध कसे ठेवावेत असे एकाही चिठ्ठीत विचारलेले नव्हते. एका चिठ्ठीत एवढेच होते : 'घरी कळणार नाही असं कोणाला विचारता येतं?' या प्रश्नाला त्या सायंकाळी व्यासपीठावर बसलेल्या आम्हां चौघांपैकी कोणालाही उत्तर देता आले नाही.