स्पाइक मिलिगन : आवाज, देह आणि विडंबनाची मर्यादा

स्पाइक मिलिगनविषयीच्या लेखनात चरित्राला नेहमीच झुकते माप मिळत आले आहे. १९१८ साली अहमदनगर येथे झालेला जन्म, ब्रिटिश हिंदी लष्करात नोकरीस असलेले आयरिश वडील, पुणे व रंगून येथील बालपण, १९४४ साली इटलीच्या आघाडीवर झालेली जखम आणि त्यानंतर जन्मभर पाठ न सोडणारे मनोविकाराचे झटके : या तपशिलांतून त्याच्या विनोदाची उपपत्ती लावणे सोपे जाते. परंतु अशा उपपत्तीतून विनोदामागील अस्वस्थतेचा फार तर उलगडा होतो. तिने विशिष्ट रूपच का धारण केले, हा समीक्षेचा खरा प्रश्न अनुत्तरित राहतो.

हे रूप नभोवाणीने घडविले. बीबीसीवर १९५१ ते १९६० या काळात प्रसारित झालेल्या 'द गून शो'च्या बहुतेक संहिता मिलिगनने एकट्याने वा सहलेखकांसह लिहिल्या. त्यातील ब्लूबॉटल हे पात्र स्वतःच्या रंगसूचनाही संवादासारख्याच मोठ्याने वाचते. एकल्स किती वाजले ते कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून घेतो आणि कोणी वेळ विचारली की तोच कागद पाहून सांगतो. हा प्रसंग केवळ भाबडेपणाचे चित्रण नव्हे. चिन्ह आणि वास्तव यांतील फारकत येथे तर्काच्या काटेकोर शिस्तीने शेवटास नेली आहे. लेखी हुकूम हेच वास्तव मानणाऱ्या लष्करी व्यवस्थेचे हे विडंबन आहे, असे म्हणता येईल. आवाज देहापासून सुटल्यामुळेच ही मुक्तता शक्य होते.

तथापि या मुक्ततेतही एक विषमता दडलेली आहे. पीटर सेलर्सने साकारलेला मेजर ब्लडनॉक हा साम्राज्याचा सेनाधिकारी भित्रा, लाचखाऊ व लंपट आहे. त्याचा उपहास त्याच्या आचरणातून होतो. उलट मिलिगन व सेलर्स यांनीच रंगविलेले लालकाका आणि बॅनर्जी हे हिंदी गृहस्थ मुख्यतः त्यांच्या उच्चारांमुळे हास्यास्पद ठरतात. सत्ताधाऱ्याची कृती हसण्याजोगी, तर शासिताचे बोलणेच हसण्याजोगे! नभोवाणीवर सारीच पात्रे सारखीच देहहीन असल्याने हा भेद सहजी ध्यानात येत नाही.

१९६९ साली तो उघडा पडला. त्या वर्षी बीबीसीवरील 'क्यू ५'मध्ये मिलिगनने दूरचित्रवाणीच्या प्रहसनाची चौकटच मोडली. प्रसंगाला समारोप हवाच, हा संकेत त्याने झुगारला. त्याच वर्षी जॉनी स्पाइटलिखित 'करी अँड चिप्स' या मालिकेत मात्र तो चेहऱ्याला तपकिरी रंग फासून आयरिश-पाकिस्तानी कामगाराच्या भूमिकेत उभा राहिला. मालिकेचा उद्देश गोऱ्या कामगारांचा वंशद्वेष उघडा पाडण्याचा होता, असे समर्थन करण्यात येते. पण हेतू आणि संहितेचा प्रत्यक्ष परिणाम या भिन्न गोष्टी होत. आवाजाला येथे पुन्हा देह मिळाला, आणि तो देह रंगवलेला होता. ज्याची कड घेतली जाते, तोच रंगमंचावर अनुपस्थित!

'त्या काळाची अभिरुचीच तशी होती' हा युक्तिवाद येथे टिकत नाही. तक्रारींनंतर स्वतंत्र दूरचित्रवाणी प्राधिकरणाने ही मालिका सहा भागांनंतर त्याच काळात थांबवली होती. स्वतः मिलिगनही ब्रिटनमध्ये परकाच ठरला होता. ब्रिटिश पासपोर्टवरील हक्क नाकारला गेल्यावर त्याने आयरिश नागरिकत्व पत्करले. परंतु उपेक्षेचा स्वानुभव दुसऱ्याच्या उपेक्षेचे भान आपोआप देत नाही.

२००२ साली निवर्तलेल्या या लेखकाला 'नगरचा मिलिगन' म्हणून आपलासा करण्याचा मोह मराठी वाचकाला होणे स्वाभाविक आहे. त्याच्या जन्मगावाचे आजचे अधिकृत नाव अहिल्यानगर असले, तरी हे नाते खोटे नाही. मात्र ते अभिमानापेक्षा जबाबदारीचे आहे. ब्लडनॉकला हसताना आपण त्याच्या बाजूने उभे असतो. लालकाका बोलू लागतो तेव्हा कोणाच्या बाजूने हसायचे, हे ठरवल्याशिवाय त्याचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.