प्रचालकपदाचे सुलभीकरण : प्रवेश आणि परतीचा मार्ग

ज्ञानकोश हा विद्वानांच्या मंडळाने रचावयाचा ग्रंथ होय, ही समजूत १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या इंग्रजी विकिपीडियाने मोडली. जो लिहू इच्छितो त्याने लिहावे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. परंतु लिहिण्याचे स्वातंत्र्य सर्वांस असले, तरी लिहिलेले पान काढून टाकणे, वादग्रस्त पान बदलांपासून सुरक्षित ठेवणे आणि उपद्रवी सदस्यास प्रतिबंध करणे ही कामे सरसकट सर्वांच्या हाती देता येत नाहीत. ती ज्या स्वयंसेवकांकडे सोपविली जातात त्यांस मराठी विकिपीडियावर ‘प्रचालक’ म्हणतात; येथेही तीच संज्ञा योजिली आहे. प्रचालकास वेतन नसते. अधिकार मात्र खरा असतो. तो देण्याची पद्धत सुलभ करण्याचे जे प्रयत्न इंग्रजी विकिपीडियावर झाले, त्यांचे परीक्षण करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रारंभी ह्या पदाचा फारसा बडेजाव नव्हता. प्रचालक होणे ही काही मोठी गोष्ट नव्हे, असा अभिप्राय संस्थापकांपैकी जिमी वेल्स ह्यांनी २००३ मध्ये दिला होता. त्याच वर्षी पदासाठी विनंती करण्याची रीतसर पद्धत सुरू झाली. आजच्या नियमांनुसार ही विनंती सात दिवस सर्वांसमोर राहते. सदस्य प्रश्न विचारतात, आपले अनुकूल वा प्रतिकूल मत उघडपणे नोंदवितात, आणि अंतिम निर्णय घेणारा अधिकारी मतांच्या संख्येबरोबरच कारणांचे बळही पाहतो. तत्त्वतः ही पद्धत निर्दोष वाटते. तथापि २००७ मध्ये ४०८ जणांस हे पद मिळाले, २०१२ मध्ये २८ जणांस, आणि २०२१ मध्ये अवघ्या ७ जणांस. विचारविनिमयाचे रूपांतर हळूहळू जाहीर उलटतपासणीत झाले होते. उमेदवाराचे वर्षानुवर्षांचे लेखन उकरून काढले जाई, आणि एखादी जुनी चूक किंवा एखादा तिखट शब्द त्याच्या समग्र सेवेहून जड ठरे. परिणामी योग्य माणसे पुढे येईनाशी झाली.

ह्यावर योजिलेले उपाय दोन प्रकारचे होते. पहिला अधिकारांच्या विभागणीचा. उपद्रवी बदल झटकन मागे घेण्याचे साधन २००८ मध्ये आणि पानांच्या स्थलांतराचे विशेष साधन २०१६ मध्ये प्रचालकेतर सदस्यांस स्वतंत्रपणे मिळू लागले. दुसरा उपाय परीक्षेचा जाच कमी करण्याचा. २०१५ मध्ये प्रत्येक सदस्याच्या प्रश्नांवर दोनची मर्यादा आली आणि मान्यतेसाठी लागणाऱ्या पाठिंब्याची पातळी थोडी खाली आणली गेली. तरीही २०१८ मध्ये केवळ १० नवे प्रचालक झाले. ह्यावरून सुधारणा व्यर्थ होत्या असे म्हणता येणार नाही. परंतु दुखणे त्यांच्या आटोक्यातील नव्हते, असे म्हणणे भाग आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये गुप्त मतदानाचा प्रयोग झाला. ३२ उमेदवारांपैकी ११ निवडून आले. निवडीसाठी अनुकूल व प्रतिकूल मतांच्या बेरजेत सत्तर टक्के अनुकूल मते आवश्यक होती. उमेदवाराची सार्वजनिक मानहानी ह्या पद्धतीत पुष्कळ टळते, हा तिचा निःसंशय गुण. परंतु तिचा दोषही तितकाच स्पष्ट आहे. उघड पद्धतीत विरोधकास आपल्या विरोधाची जबाबदारी घ्यावी लागते. पोकळ कारण पोकळ म्हणून दाखविता येते. गुप्त मताला कारण नसते, म्हणून त्याचे खंडनही करता येत नाही. पराभूत उमेदवारास आपले काय चुकले हे कळत नाही, आणि विचारविनिमयावर उभ्या असलेल्या समाजात अंकगणिताचे राज्य सुरू होते.

मूळ प्रश्न पद देण्याच्या रीतीचा नसून ते परत घेण्याच्या रीतीचा आहे. इंग्रजी विकिपीडियावर हे पद मुदतीविना दिले जाते. दीर्घ निष्क्रियतेमुळे ते जाई; अन्यथा लवाद समितीपुढे गैरवर्तन सिद्ध करणे हाच मुख्य मार्ग होता. आज केलेली चूक उद्या सुधारता येणार नाही, ह्या भीतीने मतदार कठोर होतो. ती कठोरता त्याच्या स्वभावात नसून व्यवस्थेत आहे. स्वीडिश विकिपीडियावर प्रचालक एका वर्षासाठी निवडले जातात व त्यांची फेरनिवड होते. जर्मन विकिपीडियावर एका महिन्यात २५ किंवा सहा महिन्यांत ५० सदस्यांनी मागणी केल्यास प्रचालकास पुन्हा कौल घ्यावा लागतो. इंग्रजी विकिपीडियाने २०२४ मध्ये असाच मार्ग स्वीकारला : एका महिन्यात २५ स्वाक्षऱ्या जमल्यास पद टिकविण्यासाठी पुन्हा समाजापुढे जावे लागते. त्या वर्षीच्या सुधारणांत गुप्त मतदानाची चर्चा अधिक झाली. अधिक मूलगामी सुधारणा मात्र ही होय.

ह्यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. जो प्रतिबंध करतो तो शत्रू जोडतो. पंचवीस नाराज माणसे जमणे अवघड नाही, आणि मग प्रचालक अप्रिय परंतु आवश्यक निर्णय टाळू लागेल. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. तथापि स्वाक्षऱ्यांनी पद जात नाही, केवळ प्रश्न पुन्हा विचारला जातो. शिवाय अशा वेळी मान्यतेची पातळीही पहिल्या वेळेहून खाली ठेवलेली आहे. निर्भय प्रचालकास एवढे संरक्षण पुरेसे आहे की नाही, हे अनुभवानेच ठरेल.

२००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारख्या लहान समाजास ह्या इतिहासातून घेण्याजोगा बोध आहे. जेथे मत देणारे थोडे आणि परस्परांस ओळखणारे असतात, तेथे कारणे उघड राहणेच हितावह. मात्र पद मुदतीचे असावे. अगदी लहान विकींवर जागतिक पातळीवरील कारभारी काही महिन्यांपुरते प्रचालकपद देतात, आणि त्यासाठी मोठी परीक्षा घ्यावी लागत नाही, ह्याचे कारण हेच. परतीचा मार्ग आधी आखून ठेवला, तर प्रवेश सुलभ करण्यास समाज सहज तयार होतो.