विलीन नगरे आणि मराठी कादंबरी

मराठी कादंबरीचा विचार करताना ‘ग्रामीण’ आणि ‘नागर’ अशी दोन दालने कल्पिण्याची प्रथा समीक्षेत चांगलीच रुजली आहे. या विभागणीची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु जी वसती गाव राहिलेली नव्हती, जी स्वतःची नगरपालिका, शाळा व बाजारपेठ बाळगून वाढत होती आणि वाढता वाढताच शेजारच्या महानगरात सामावली गेली, तिच्या अनुभवाला या दोहोंपैकी कोणत्याच दालनात जागा मिळत नाही. असा अनुभव मराठी समाजाला अपरिचित आहे असेही नाही; किंबहुना मुंबईची निम्म्याहून अधिक भूमी याच मार्गाने मुंबई झाली आहे.

गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ लिहिले, तेव्हा मुंबई म्हणजे माहीम-शीवपर्यंतचे बेट होते. खाडीपलीकडच्या साष्टीशी तिला जोडणारा माहीमचा बांध १८४५ मध्ये खुला झाला होता. १८५३ पासून ठाण्यापर्यंत आगगाडी धावू लागली होती. पुढे वांद्र्याला १८७६ मध्ये नगरपालिका मिळाली. पार्ल्यात १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ उभा राहिला. या संस्था महानगराने बहाल केलेल्या नव्हत्या. त्या त्या वसतीच्या स्वत्वातून निपजल्या होत्या. १९५० मध्ये मुंबईची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. नगरे होती तिथेच राहिली. त्यांचा कारभार मात्र खाडी ओलांडून गेला.

या काळात मराठी कादंबरी आपल्या परिसराविषयी उदासीन होती असा आरोप कोणी करू नये. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने (१९५५) माणदेशातील एका वाडीचे जीवन अपूर्व संयमाने साकार केले. जयवंत दळवींच्या ‘चक्र’ने (१९६३) महानगराच्या पोटातील झोपडपट्टी साहित्यात आणली. मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) तर बेट आणि साष्टी यांच्या ऐन सीमेवर उभी आहे. परंतु या सीमेकडे पाहण्याची कादंबरीची दृष्टी बाहेरून शहरात येणाऱ्या माणसाची आहे. माणूस शहराकडे येतो, ही मराठी कादंबरीची परिचित गती होय. शहरच माणसाकडे चालून येते, ही उलटी गती तिने क्वचितच केंद्रस्थानी ठेवली. पु. ल. देशपांडे यांचे बालपण जोगेश्वरी-पार्ल्यात गेले. तथापि मुंबईच्या मध्यमवर्गाचे प्रतीक शोधताना त्यांनी उपनगर न निवडता चाळ निवडली. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) हे पुस्तक उपनगरे विलीन झाल्यानंतर अवघ्या काही वर्षांनी प्रसिद्ध झाले, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

या उपेक्षेचे कारण अनुभवाच्या स्वरूपातच दडलेले असावे. वाडी उजाड होते, चाळ पाडली जाते, गिरणी बंद पडते; या घटनांना नाट्य असते. विलीनीकरणाला ते नसते. शिवाय येथे खलपुरुष सापडत नाही. पाणी, गटारे, रस्ते यांसाठी नगराला शहराची गरज भासते आणि शहराला जागेची. आपल्या लोपाला नगराची अर्धीअधिक संमती असते. हानी आणि लाभ एकाच सहीने पदरात पडतात. अशा संमिश्र प्रसंगाला गतकालाचा उमाळा पुरेसा पडत नाही आणि सामाजिक निषेधही पुरेसा पडत नाही. त्यामुळे स्मरणरंजन करणारा आणि प्रक्षोभ व्यक्त करणारा, असे दोन्ही प्रकारचे लेखक या विषयाला वळसा घालतात.

कादंबरीने न टिपलेले सत्य भाषेने मात्र जपून ठेवले आहे. उपनगरातील जुनी पिढी फोर्टकडे वा गिरगावाकडे निघाली की ‘मुंबईला जातो’ असे म्हणत असे, आणि तो प्रयोग आजही कानी पडतो. नकाशावर बोलणारा मुंबईतच उभा असतो. ‘मुंबईला’ या शब्दातील प्रत्यय त्याला मुंबईबाहेर उभा करतो. महसुली दप्तरातील ‘गावठाण’ हा शब्दही असाच. उंच इमारतींनी वेढलेल्या चार गल्ल्यांना तो अद्याप चिकटून आहे. जाणत्या कादंबरीकाराला या दोन शब्दांत एका संपूर्ण कथानकाचे बीज सापडेल.

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नाही आणि एकट्या मराठीचाही नाही. बंगळूरचे शहर व छावणी १९४९ मध्ये एका महानगरपालिकेखाली आली; हैदराबाद व सिकंदराबाद यांच्या महापालिका १९६० मध्ये एक झाल्या. कन्नड, तेलुगू व उर्दू साहित्यांनी या संयोगाकडे कसे पाहिले, याचा तौलनिक अभ्यास झाल्यास मराठीतील रिक्ततेचे नेमके स्वरूप अधिक स्पष्ट होईल.

आणि हा प्रश्न गतकालाचाही नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. त्यांपैकी फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे पुन्हा वगळली जाऊन २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद स्थापन झाली. म्हणजे शहरात विरणे हे विधिलिखित नव्हे. त्यात मागणी असते, पश्चात्ताप असतो, माघारही असते. जेथे निवड आहे तेथे चरित्र आहे, आणि जेथे चरित्र आहे तेथे कादंबरीला अवसर आहे. मात्र अशी कृती उद्या अवतरली, तर ती ग्रामीण की नागर या वादात समीक्षेने आपली शक्ती खर्चू नये. त्या दोन दालनांमधील भिंत नेमकी कोठे उभी आहे, हेच ती कृती दाखवू पाहत असेल.