शरदाचें घर

ऋतुवर्णन हा आमच्या वाङ्मयांतील फार जुना व मानाचा विषय आहे. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'पासून दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'पर्यंत (१९५६) ज्या वाचकाचें मन घडलें आहे, त्याला शरद म्हटला कीं निरभ्र आकाश, निवळलेलें पाणी, कमळें आणि चांदणें हीं न बोलावतां आठवतात. ही परंपरा थोर आहे, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु ह्या सुंदर चित्रांत कांहीं तरी राहून गेलें आहे, असें आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होतें. तें काय, हें मात्र आमच्या एका विद्यार्थ्यानें दाखविलें. आणि तो प्रसंग सांगितल्यावांचून आमचा मुद्दा वाचकांपुढें नीट मांडतां येणार नाहीं.

वैनगंगेच्या खोऱ्यांतील एका महाविद्यालयांत आम्ही बरींच वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलों आहों. एके वर्षीं आश्विनांतल्या एका दुपारीं कीट्सची शरद ऋतूवरील प्रसिद्ध कविता वर्गांत चालली होती. उकाडा असा कीं, पंखा फिरत असतांहि पुस्तकाच्या पानावर घामाचीं बोटें उमटावीं. ही कविता कवीनें १९ सप्टेंबर १८१९ रोजीं, विंचेस्टर गांवाबाहेर फिरून आल्यावर, लिहिली. तिचीं तीनच कडवीं आहेत. पहिल्यांत फळांच्या भारानें लवलेल्या वेली व झाडें. दुसऱ्यांत कोठाराच्या जमिनीवर निश्चिंत बसलेली, किंवा अर्धवट कापलेल्या शेतांत झोंपीं गेलेली शरदाची मूर्ति. तिसऱ्यांत मावळत्या उजेडांतले किड्यांचे, मेंढरांचे व पक्ष्यांचे स्वर. इंग्रजींतील अत्यंत निर्दोष कवितांत हिची गणना होते, आणि आम्हींहि तिचें विवेचन मोठ्या प्रेमानें केलें. तें संपतांच मागच्या बांकावरून सिंदेवाहीकडचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, कापनीचे दिवस आहेत, अन् बांधीत मानूसच नाही. हिच्या घरचे लोक कुठं गेले?" वर्ग हंसला. तो प्रश्नाला हंसला नाहीं. 'कापनी' आणि 'मानूस' ह्या उच्चारांना हंसला. सांगावयास संकोच वाटतो, पण आम्हीहि हंसलों.

प्रश्न मात्र हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ह्या कवितेंत राबणारे मजूर कोठें आहेत, असें इंग्रजी टीकाकारांनींहि गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत विचारलें आहे. परंतु आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न मजुरांविषयीं नव्हता, घरच्यांविषयीं होता. ज्या ऋतूंत त्याच्या अंगणांत उभें राहावयास जागा उरत नाहीं, त्या ऋतूची मूर्ति एकटी कां, हें त्यास समजेना. आणि खरें सांगावयाचें तर, ह्या एकटेपणाकडे त्या दिवसापर्यंत आमचें लक्षच गेलें नव्हतें.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. इंग्रजींतील 'ऑटम' आणि आपला शरद ह्यांस एकच समजून आम्ही शिक्षक लोक भाषांतर करितों. पण ते दोन ऋतु एकमेकांचे दूरचेहि नातलग नाहींत. तिकडे पानें पिवळीं पडून गळतात, दिवस आंखूड होतात, आणि पुढें येणाऱ्या हिंवाळ्याची छाया साऱ्या आनंदावर पडलेली असते. इकडे, चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांत, आश्विनांत रान पावसानें माजून गर्द हिरवें असतें. साग निष्पर्ण व्हावयास माघ-फाल्गुन उजाडावा लागतो. ऊन तर असें तापतें कीं, पावसाळा गेला म्हणून आनंद मानावा कीं उन्हाळा परतला म्हणून कपाळास हात लावावा, हें कळूं नये. गारवा येतो तो पाहुण्यासारखा, रात्रीं उशिरां. आणि सकाळीं धानाच्या लोंब्यांवर दंव ठेवून निघून जातो. तिकडचा 'ऑटम' निरोपाचा ऋतु आहे, तर आमचा शरद आगमनाचा आहे. त्यामुळें तिकडचें काव्य एकट्या मनुष्यास शोभतें. इकडचें काव्य एकट्यानें लिहिलें तर अर्धें राहतें.

आमच्या कवींनीं तें पुरें केलें आहे काय? कालिदासानें 'ऋतुसंहारा'च्या तिसऱ्या सर्गांत शरदास नववधूचें रूप दिलें. काशफुलांचें तिचें वस्त्र, आणि पिकलेल्या साळीसारखी तिची किंचित् लवलेली काया. धानाच्या मुलखांत राहणाऱ्या आम्हांस ही साळ पाहून आनंद होतो. परंतु ती वधू कोणाच्या घरची, हें कवि सांगत नाहीं. दुर्गाबाईंनीं चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बाराहि महिने ज्या सूक्ष्म दृष्टीनें पाहिले, तिला मराठी गद्यांत जोड नाहीं. पण ती दृष्टि झाडें, फुलें व आकाश ह्यांवर खिळलेली आहे. ज्या अरण्यप्रदेशाविषयीं आम्ही लिहीत आहों, तो मारुति चितमपल्ली ह्यांनीं मराठींत आणला. पण त्यांचाहि जीव पक्ष्यांत व श्वापदांत रमला. हा त्यांचा दोष नव्हे. त्यांचा विषयच तो होता. अपवाद बहिणाबाई चौधरींचा. १९५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कवितांत पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी हीं घरच्या माणसानें घरच्या बोलींत गाइलीं आहेत. परंतु त्यांची भूमि खानदेशची. झाडीच्या धानाची अशी बहीण आम्हांस अद्याप छापील पुस्तकांत भेटलेली नाहीं.

झाडी म्हणजे भंडारा, गोंदिया व गडचिरोली हे जिल्हे आणि चंद्रपूरचा पूर्वभाग. गडचिरोली तर २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूरचाच भाग होता. हा तलावांचा व बांध्यांचा मुलूख. येथील शरदाचें खरें पंचांग धान आहे. हलकें धान दिवाळीच्या आगेंमागें विळ्याखालीं येतें. भारी धान त्यानंतर, थेट मार्गशीर्षापर्यंत उभें असतें. म्हणजे येथील सण सुगी संपल्यावर येत नाहीं. तो सुगीच्या मध्यावर येतो. एका बांधींत पुंजणें लागलेलें, दुसरींत कडपा वाळत पडलेल्या, तिसरी अजून सोनेरी उभी, असें शेत टाकून घरच्या मंडळीस सण करावयाचा असतो. कामाची घाई आणि पाहुण्यांची घाई एकाच आठवड्यांत गांठ घालतात, आणि ह्या ओढाताणींतच ह्या सणाची सारी गोडी आहे.

प्रतिपदेस गायगोधन. गुरें धुवून, शिंगें रंगवून, गळ्यांत माळा घालून गांवांतून मिरवितात, आणि गोवारी मंडळी ढाल घेऊन नाचतात. त्या दिवशीं मान धन्याचा नसतो. गुरांचा व गुराख्याचा असतो. दुसरे दिवशीं भाऊबीज, आणि तेथून मंडई सुरू होते. प्रत्येक गांवची मंडई आपल्या ठरलेल्या दिवशीं भरते. आज एका गांवीं, उद्यां शेजारच्या; त्यामुळें लोकांस एकमेकांकडे पाहुणे जातां येतें. बाहेरून पाहणारास मंडई म्हणजे जिलबी, बांगड्या, खेळणीं व पाळणे ह्यांचा बाजार दिसेल. परंतु सासरीं गेलेल्या लेकीस विचारावें, म्हणजे मंडई काय तें कळेल. दिवाळीस येणें झालें नाहीं तरी चालेल, मंडईस आलें पाहिजे, असें आया सांगून धाडतात. नव्या धानाचे पोहे तिच्यासाठीं राखून ठेवतात. मुलांचीं लग्नें येथें बोलण्यांत निघतात, रुसलेले भाऊ येथें एका पंगतीस बसतात, आणि यंदा धान कसें उतरलें ह्याचा खरा हिशेब येथें होतो.

हें केवळ मराठी बोलणाऱ्या कुणब्या-कोहळ्यांचेंच आहे, असें नव्हे. गोंड घरांत नवें धान्य देवास दाखविल्यावांचून तोंडीं लावीत नाहींत. राजुरा-जिवती व पलीकडचा आदिलाबाद ह्या बाजूस राजगोंडांचीं दंडारी पथकें दिवाळीच्या दिवसांत, मोरपिसांचे भव्य मुकुट घातलेल्या गुसाडींसह, एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पाहुणीं जातात. जेवणें होतात, नाच होतात, आणि सोयरिकींची उजळणी होते. भाषा निराळी, देव निराळे. पण ऋतूचा अर्थ तोच. धान घरांत आलें कीं माणसें घरांत आलीं पाहिजेत.

आतां वाङ्मयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, ह्या मेळाव्याला स्वतःचें वाङ्मय आहे. १९०९ सालीं 'मनोरंजन' मासिकानें दिवाळी अंक काढला, आणि तेव्हांपासून सुशिक्षित महाराष्ट्राची दिवाळी छापील कागदाशीं जोडली गेली. झाडीची दिवाळी रंगभूमीशीं जोडलेली आहे. मंडईच्या दिवशीं दंडार, आणि रात्रीं नाटक. पूर्वीं गांवचेच लोक नाटक बसवीत व पुरुषच स्त्रीपार्टें करीत; पुढें मंडळ्या झाल्या, आणि देसाईगंज, म्हणजेच वडसा, हें त्यांचें मुख्य ठाणें बनलें. भाऊबीजेच्या सुमारास सुरू झालेला हा हंगाम होळीपर्यंत चालतो. बोलपट आल्यावर शहरांतील संगीत नाटकमंडळ्या एकामागून एक बुडाल्या. झाडींतलें नाटक बुडालें नाहीं. आमच्या मतें ह्याचें कारण कलेंत शोधूं नये. तें मंडईंत शोधावें. शहरच्या मंडळीस प्रेक्षक जमवावा लागे. येथें तो जमलेलाच होता, घरांत धान होतें, आणि पाहुण्यांस रात्रभर बसवावयाचें होतें.

हीं नाटकें आम्हीं चादर गुंडाळून, दंव अंगावर घेत, पहाटेपर्यंत बसून पाहिलीं आहेत. शहरी टीकाकार त्यांस भडक म्हणतात. भडक तीं आहेतच. प्रसंग ताणलेले, विनोद पाल्हाळिक, आणि अलीकडे नाचगाण्यांची भर इतकी कीं कथानक शोधावें लागतें. परंतु टीका करण्यापूर्वीं प्रेक्षकांकडे वळून पाहावें. वाटणीवरून मोडणारें घर, सासरीं छळलेली बहीण, दारूंत बुडालेला भाऊ, शेवटीं उशिरां आलेली ओळख, हेच विषय पुनःपुन्हां येतात. आणि ते पाहणारी बहीण आपल्या खऱ्या भावाशेजारीं, वर्षांतून एकदांच, बसलेली असते. रंगमंचावरच्या भावानें बहिणीचे पाय धरले कीं खालीं कोणाचे तरी डोळे कोणास चुकवितात. ज्या नाटकाचें काम दुरावलेल्या माणसांस एका चादरींत बसविणें हें आहे, त्याला बंदिस्त नाट्यगृहांतला संयम लावून मोजणें म्हणजे खळ्यावरचें धान सोनाराच्या कांट्यावर मोजण्यासारखें आहे. २०२३ सालीं ह्या रंगभूमीचे ज्येष्ठ नट डॉ. परशुराम खुणे ह्यांस पद्मश्री मिळाली. सरकारास जें दिसलें, तें आमच्या वाङ्मयाच्या इतिहासकारांस अजून पुरतें दिसलेलें नाहीं.

तथापि आमची खरी तक्रार निराळी आहे, आणि ती ह्या नाटकांवर प्रेम असल्यामुळेंच करावीशी वाटते. आम्हीं पाहिलेल्या बहुतेक नाटकांत नायक, नायिका, आई, न्यायाधीश, सारे ग्रंथांतली शुद्ध मराठी बोलतात. झाडीबोली येते ती विदूषकाच्या तोंडीं. 'ण'चा 'न' व 'ळ'चा 'र' झाला कीं टाळ्या पडतात. जी बोली सभामंडपांतल्या प्रत्येक आईची आहे, तींत रंगमंचावरची आई रडूं शकत नाहीं! आपली माती, आपला हंगाम, आपलीं माणसें, आणि दुःखाची भाषा मात्र उसनी. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनीं झाडीबोलीसाठीं जे कष्ट घेतले, ते रंगमंचावरून वाया जाऊं नयेत. ज्या दिवशीं झाडीची नायिका झाडीबोलींत बोलेल आणि कोणी हंसणार नाहीं, त्या दिवशीं ही रंगभूमि वयांत आली असें आम्ही समजूं.

पण हा दोष नाटककारांच्या पदरांत टाकून मोकळें होण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. त्या दुपारीं वर्गांत जें झालें, तें दुसरें काय होतें? बोली हंसण्यासाठीं आणि पुस्तकी भाषा शहाणपणासाठीं, ही वांटणी मुलें प्रथम आमच्यासमोर शिकतात. मग तीच रात्रीं रंगमंचावर जाते. आम्ही त्यांस परक्या देशाचा ऋतु आपला म्हणून शिकविला, आणि त्यांनीं आपल्या ऋतूविषयीं विचारलें तेव्हां उच्चारांस हंसलों. कीट्सची कविता आम्ही अजूनहि शिकवितों. ती शिकविलीच पाहिजे, कारण दुसऱ्याचा शरद पाहिल्यावांचून आपला नीट दिसत नाहीं, हें आम्हीं तिच्याचकडून शिकलों. मात्र आतां कवितेचें विवेचन झाल्यावर आम्ही पुस्तक मिटतों, आणि तुमच्या गांवची मंडई कधीं, घरीं कोण कोण येणार, हें तुमच्याच बोलींत लिहून आणा, म्हणून सांगतों. येतें त्यांतलें पुष्कळ कच्चें असतें. पण त्यांतील शरद एकटा नसतो. त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं आम्हीं दिलें नाहीं. तें आतां त्याच्या मागून आलेलीं मुलें देत आहेत, आणि आम्ही तें वाचीत आहों.