डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांचे संशोधनलेखन : संदर्भोल्लेखांच्या मोजपट्टीचा पुनर्विचार

प्रस्तावना

खर्डा हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना १७९५ च्या लढाईमुळे परिचित आहे. ज्या जामखेड तालुक्यात हे गाव येते, त्या तालुक्याचे नाव मात्र सार्वजनिक आरोग्याच्या जागतिक वाङ्मयात वेगळ्याच कारणाने रूढ झालेले आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले. त्यांच्या कार्याचा गौरव करणारे लेखन विपुल आहे. परंतु संशोधक म्हणून त्यांनी काय लिहिले, कोठे लिहिले आणि त्या लेखनाचा प्रभाव कोणत्या मापाने मोजावा, या प्रश्नांची चिकित्सा मराठीत क्वचितच आढळते. आज शिक्षकाचे शैक्षणिक मूल्य शोधनिबंधांची संख्या आणि त्यांना मिळालेले संदर्भोल्लेख यांवर ठरविले जाते. अशा वेळी ही चिकित्सा केवळ चरित्रात्मक कुतूहलापुरती राहत नाही.

लेखनाचे स्वरूप

आरोळे दांपत्याची प्रकाशनसूची आखूड आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी जिनिव्हा येथील ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाच्या 'कॉन्टॅक्ट' या पत्रिकेत प्रकल्पाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केनेथ न्यूएल यांनी संपादित केलेला 'हेल्थ बाय द पीपल' हा ग्रंथ प्रकाशित केला. चीन, क्यूबा, टांझानिया अशा देशांच्या राष्ट्रीय प्रयोगांच्या पंक्तीला त्यात एका दुष्काळी तालुक्याचे प्रकरण होते, आणि ते या दोघांनी लिहिलेले होते. १९९४ मध्ये मॅकमिलनतर्फे 'जामखेड' हे पुस्तक आले. या मुख्य कृतींखेरीज काही प्रकरणे, भाषणे व अहवाल आहेत. नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतील मूळ शोधनिबंध या सूचीत फारसे नाहीत.

या लेखनाचा विषय मात्र मूलगामी होता. आरोग्यसेवेतील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती रुग्णालयात बसत नाही, ती गावातच राहत असते, हा त्याचा गाभा. प्रारंभी प्रकल्पाने प्रशिक्षित परिचारिकांना गावांत ठेवून पाहिले. ते साधले नाही. त्यानंतर गावानेच निवडलेल्या स्त्रीला प्रशिक्षण द्यावे, हा मार्ग पुढे आला. यांपैकी अनेक स्त्रिया निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. त्या नियमितपणे जामखेडला येत, शिकत आणि परत जाऊन सुरक्षित बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, मुलांची वजने, कुष्ठरोग व क्षयाची लवकर ओळख ही कामे करीत. १९७२ च्या दुष्काळात पाणी व अन्न हेच आरोग्याचे पहिले औषध ठरले आणि शेतकरी मंडळे व महिला मंडळे प्रकल्पाचा भाग झाली. औषधाच्या मात्रेसारखी वेगळी काढून तपासता येईल अशी ही गोष्ट नव्हती. त्यामुळे तिचे कथनही शोधनिबंधाच्या साच्यात सहज बसत नव्हते, हे मान्य करावे लागते.

मोजपट्टीला न दिसणारा प्रभाव

युजीन गारफील्ड यांच्या 'सायन्स सायटेशन इंडेक्स'चा नियमित आरंभ १९६४ चा. कोणता लेख कोणत्या लेखाने उद्धृत केला याचा माग काढण्याचे ते साधन होते. पुढे त्यातून नियतकालिकांचा प्रभावांक निघाला, आणि २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी व्यक्तीसाठी एच-निर्देशांक सुचविला. एखाद्या संशोधकाच्या दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा संदर्भोल्लेख असतील, तर त्याचा निर्देशांक दहा. या गणिताचा एक अटळ परिणाम असा की ज्याची कृती एक किंवा दोनच आहे, त्याचा निर्देशांक एक किंवा दोनच्या पलीकडे जाऊच शकत नाही. मग ती कृती जगभर वाचली गेलेली का असेना.

आरोळे यांच्या बाबतीत अडचण याहून खोल आहे. ही सूची मूलतः नियतकालिकांची आहे. ग्रंथ व ग्रंथांतील प्रकरणे तिच्या मोजणीत दीर्घकाळ आलीच नाहीत. शिवाय प्रकरणाचा उल्लेख करताना काही लेखक आरोळे यांचे नाव देतात, काही केवळ संपादक न्यूएल यांचे, काही जागतिक आरोग्य संघटनेचे, आणि अनेक जण नुसतेच 'जामखेड' लिहून पुढे जातात. कर्त्याच्या नावाची जागा गावाच्या नावाने घ्यावी, हा प्रभावाचा केवढा मोठा पुरावा! संगणकाच्या लेखी मात्र तो शून्य ठरतो.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी अशा प्रक्रियेचे वर्णन केले आहे. एखादी कल्पना सर्वांच्या ज्ञानात इतकी मिसळून जाते की तिच्या मूळ कर्त्याचा उल्लेख करण्याची गरजच कोणाला वाटत नाही. सप्टेंबर १९७८ च्या अल्मा-आता परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेची जी मांडणी केली, तिच्या पूर्वपीठिकेत १९७५ च्या त्या ग्रंथाचे स्थान अभ्यासकांनी नोंदविलेले आहे. भारतात २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' कार्यकर्ती आली. तिच्या मागे छत्तीसगडच्या 'मितानिन'सह अनेक प्रयोग होते. जामखेड हा त्यांतील अगदी सुरुवातीचा. पण शासकीय परिपत्रकाला तळटीपा नसतात.

अप्रकाशिताची किंमत

येथपर्यंतचे विवेचन वाचून मोजपट्टी सदोष आणि संशोधक निर्दोष असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो न्याय्य ठरणार नाही. आरोळे यांच्या लेखनाची एक उणीव आहे आणि ती गुणांकाशी संबंधित नाही. प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये दर हजारी १७६ असलेला अर्भकमृत्युदर पुढील पंचवीस वर्षांत तिशीच्या खाली आला. ही घट विलक्षण होय. परंतु याच काळात संपूर्ण महाराष्ट्राचा अर्भकमृत्युदरही निम्म्याच्या आसपास उतरला. मग जामखेडच्या घटीतील किती भाग प्रकल्पाचा आणि किती भाग लसीकरण, रस्ते, शिक्षण यांचा? तुलनेची गावे ठेवून केलेला अभ्यास प्रकल्पाच्या पहिल्या चार दशकांत समोर आला नाही.

तो आला २०१० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या 'बुलेटिन'मध्ये. वेरा मान व सहकाऱ्यांनी प्रकल्पाची गावे आणि त्याच परिसरातील अन्य गावे यांतील मातांकडून बाळंतपणांचा इतिहास जाणून घेऊन मागे वळून तुलना केली. पहिला महिना ओलांडलेल्या, पाच वर्षांखालील मुलांचा मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. हा आरोळे यांच्या कार्याचा भक्कम पुरावा आहे. पण त्याच अभ्यासाने दुसरी गोष्टही नोंदविली : पहिल्या महिन्यातील, म्हणजे नवजात बालकांच्या मृत्यूंत दोन्ही गटांमध्ये फरक दिसला नाही. गौरवपर लेखनात पहिला निष्कर्ष येतो, दुसरा सहसा वगळला जातो.

या दुसऱ्या निष्कर्षाचे महत्त्व जाणण्यासाठी गडचिरोलीकडे पाहावे लागते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. जामखेडप्रमाणेच तेथेही गावातील माणूस हाच आरोग्यसेवेचा आधार. फरक लेखनपद्धतीत होता. १९८९ मध्ये दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारित निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला आणि ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे जगाला कळले. १९९० मध्ये बालकांच्या न्यूमोनियावरील निबंध आला. डिसेंबर १९९९ च्या निबंधात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची सेवा आणि ४७ गावे तुलनेसाठी अशी रचना होती. सेवेच्या गावांतील नवजात मृत्युदर दर हजारी ६२ वरून २५.५ वर आला, तर तुलनेच्या गावांत तो साठीच्याच आसपास राहिला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला गावातील प्रशिक्षित स्त्रीने इंजेक्शन द्यावे, हे वैद्यकविश्वाला धाडसाचे वाटणारे पाऊल या आकड्यांमुळे स्वीकारार्ह ठरले. २०११ पासून घरोघरी नवजात बालसेवा हा 'आशा'च्या कामाचा राष्ट्रीय स्तरावर भाग झाला.

नवजात बाळापाशी आपला उपाय थांबतो, हे जामखेडच्या नोंदी तुलनेच्या गावांसह पूर्वीच प्रसिद्ध झाल्या असत्या तर कदाचित पूर्वीच दिसले असते. प्रकाशन हे इतरांना दाखविण्यासाठी असते, तसेच आपल्याला न दिसणारे इतरांकडून पाहून घेण्यासाठीही असते. ग्रामीण भागातून असे लेखन शक्य नव्हते, ही सबबही टिकत नाही. कोकणात महाडसारख्या ठिकाणी रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे विंचूदंशावर प्राझोसिनच्या उपयोगाविषयीचे निरीक्षण १९८६ मध्येच 'लॅन्सेट'ने छापले होते. अर्थात एका औषधाचा परिणाम दाखविणे आणि जात, पाणी, स्त्रीचे स्थान यांसह बदललेले गाव दाखविणे या तुल्य गोष्टी नव्हेत, हेही ध्यानी घ्यावे लागते.

बंग यांच्या लेखनाचा आणखी एक विशेष या संदर्भात नमूद करण्याजोगा आहे. महाराष्ट्रातील बालमृत्यूंवरील 'कोवळी पानगळ' हा २००१ चा अहवाल मराठीत होता. राज्यात त्यावर मोठी चर्चा झाली आणि शासनाला दखल घ्यावी लागली. संदर्भोल्लेखांच्या कोणत्याही सूचीत अशा मराठी अहवालाला स्थान नाही.

महाविद्यालयीन शिक्षकाच्या संदर्भात

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरी निर्देशांक आणला. त्यात परीक्षित नियतकालिकातील एका निबंधास १५ गुण होते, तर आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या संपादित ग्रंथातील प्रकरणास १०. या कोष्टकात १९७५ चे प्रकरण घातले असते, तर त्याला कोणत्याही सामान्य परीक्षित निबंधापेक्षा कमी गुण मिळाले असते आणि तेही पती-पत्नींना वाटून घ्यावे लागले असते. या गुणपद्धतीनंतर पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचे किती पीक आले, हे प्राध्यापकवर्गाला सांगण्याची गरज नाही. त्यावर उपाय म्हणून आलेली 'केअर' यादी आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि नियतकालिकांची पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपविली.

म्हणजे आता निवड समितीपुढे आलेला निबंध कोणीतरी प्रत्यक्ष वाचावा लागेल. तो वाचताना संदर्भोल्लेखांच्या संख्येपेक्षा अधिक उपयुक्त असे काही प्रश्न जामखेड व गडचिरोलीच्या तुलनेतून हाती लागतात. दावा कशाच्या तुलनेत केला आहे? प्रतिकूल निष्कर्ष छापला आहे की गाळला आहे? ज्या लोकांविषयी लिहिले त्यांच्यापर्यंत ते त्यांच्या भाषेत पोहोचले का? आरोळे यांच्या लेखनाला पहिल्या प्रश्नावर कमी गुण द्यावे लागतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कागदावर शोधून मिळणार नाही. ज्या स्त्रियांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांनी हे ज्ञान तोंडी घेतले आणि गावोगाव तोंडीच पोहोचविले.