छत्तीसचा आकडा

मराठीत छत्तीसचा आकडा म्हणजे वैर. ३ आणि ६ वाटणी झालेल्या भावांसारखे एकमेकांकडे पाठ करून उभे. आणि माझ्या मनगटाचं ज्याच्याशी सगळ्यांत छान जमलं, त्या घड्याळाचं माप निघावं नेमकं छत्तीस मिलिमीटर!

हे कळलं ते एका मित्राच्या भित्रेपणामुळे. नळीच्या वाटेनं तो हरिश्चंद्रगडावर निघाला होता. कातळावर घासलं तर काय घ्या, म्हणून हातातलं रोलेक्स एक्सप्लोरर माझ्याकडे ठेवून गेला. एव्हरेस्टच्या नावानं मिरवणारं घड्याळ हरिश्चंद्रगडाला घाबरलं, असं मी म्हणालो. तो हसला नाही. "घालून बघ हवं तर, पण दाराला आपटू नकोस," एवढंच म्हणाला.

या सूचनेला इतिहास होता. माझं स्वतःचं घड्याळ ४४ मिलिमीटरचं. आठ-नऊ वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेलं. घरातल्या प्रत्येक दाराच्या कडीशी त्याची ओळख आहे. शर्टाच्या बाहीखाली ते जात नाही, बाहीच त्याच्यावर चढून बसते. हात टेबलावर ठेवला की आधी ते टेकतं, मग मी.

थोराड घड्याळाला मुळात कारण होतं. इटलीच्या नौदलातल्या पाणबुड्यांसाठी पानेराईनं ४७ मिलिमीटरची घड्याळं बनवली, कारण गढूळ काळोख्या पाण्यात काटे दिसायला हवेत. जर्मन वैमानिकांची दुसऱ्या महायुद्धातली घड्याळं ५५ मिलिमीटरची, जाड कोटाच्या बाहीवरून बांधायची. पुढे १९९६च्या ‘डेलाइट’ या सिनेमात सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या हातात पानेराई दिसलं आणि पाणबुड्याचं हत्यार बघता बघता मीटिंगला बसणाऱ्यांच्या मनगटावर आलं. त्याआधी छत्तीसला कोणी ‘मध्यम’ म्हणत नव्हतं. ते पुरुषाचं घड्याळ होतं, बस.

आता हे एक्सप्लोरर. १९५३ साली ब्रिटिश मोहिमेनं एव्हरेस्ट सर केलं, त्याच वर्षी हे नाव आलं. मोहिमेला रोलेक्सनं घड्याळं पुरवली होती, तशी स्मिथ्स या इंग्रज कंपनीनंही. त्यावरून शौकीन अजून एकमेकांची डोकी फोडतात. मला त्या वादात रस नाही. रस आहे तबकडीत.

काळी, लाखेसारखी तुळतुळीत तबकडी. बाराच्या जागी उलटा त्रिकोण; तीन, सहा आणि नऊ हे तीनच आकडे; बाकी सगळीकडे साध्या काड्या. तारीख नाही, तारखेची खिडकी नाही, ती मोठी दिसावी म्हणून काचेवर चिकटवलेलं भिंग नाही. एका बाजूला खिडकी पाडली असती तर तीनचा आकडाच गेला असता आणि नऊ एकटा पडला असता. या तबकडीवर प्रत्येकाला समोर जोडीदार आहे: त्रिकोणासमोर सहा, तिनासमोर नऊ. रात्री दिवा मालवला की हे चारही निळसर उजळतात. अर्धवट झोपेत घड्याळ कुठल्या बाजूनं धरलंय हे त्रिकोणावरून लगेच कळतं. पोलाद वरून सगळं घासून मंद केलेलं, फक्त काचेभोवतीचं कडं आणि कडेच्या बाजू चकाकतात. (२०२१मध्ये याचं पोलाद आणि सोनं मिसळलेलं भावंडही काढलं. पिठल्यावर चांदीचा वर्ख. असो.)

पण रसिकानं खरं बघावं ते मापाचं प्रकरण. १९८९ आणि २००१च्या आवृत्त्या ३६ मिलिमीटरच्या होत्या. मोठ्या घड्याळांची लाट जोरात असताना, २०१०मध्ये, ते ३९चं केलं. तीन मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं? पण वर्तुळाचं क्षेत्रफळ त्यानं सुमारे सतरा टक्क्यांनी वाढतं. गंमत अशी की चेहरा वाढला आणि हात वाढवायचे राहिले. मिनिटकाटा कडेच्या मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचेना. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला घालावा आणि बोटं बाहीतच राहावीत, तसं ते ध्यान दिसे. एवढी नावाजलेली कंपनी, पण ही चूक निस्तरायला २०१६ उजाडलं. तेव्हा काटे लांब आणि जाड झाले, तीन-सहा-नऊ अंधारात चमकू लागले. आणि २०२१ला घड्याळ मुकाट्यानं पुन्हा छत्तीसवर आलं. ‘एक्सप्लोरर’ हा शब्दही खालून उचलून परत वर, बाराच्या बाजूला, जुन्या जागी ठेवला. २०२३मध्ये ४० मिलिमीटरचंही काढलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. धंदा आहे शेवटी.

मला ते आखूड काटे फार बोलके वाटतात. साचा तोच ठेवून नुसता ओढून मोठा केला की काय बिघडतं, ते तिथे उघडं पडलं. छत्तीसमध्ये मिनिटकाटा रेघेला बरोबर टेकतो, आकडे काड्यांना ढकलत नाहीत आणि मधला काळा भाग पुरेसा मोकळा राहतो.

दोऱ्यानं मोजलं, माझं मनगट साडेसहा इंच. पट्टा अडकवायच्या शिंगांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हे घड्याळ जेमतेम ४३ मिलिमीटर. हाडावर सपाट बसतं, कडेला लोंबत नाही. पट्ट्याची रुंदी मात्र १९ मिलिमीटर. आपल्याकडच्या दुकानांत अठराचे मिळतात, विसाचे मिळतात, एकोणिसाचा मागितला की दुकानदार चष्म्यावरून बघतो. तेवढा एक हट्ट रोलेक्सनं करायला नको होता.

पहिल्या दिवशी मी सारखी बाही वर करून बघत होतो. दुसऱ्या दिवशी दोनदा-तीनदा. तिसऱ्या दिवशी कणीक मळायला बसलो तेव्हा मनगटाला पीठ लागल्यावर आठवलं, की अरे, हे उतरवायचं राहिलं. ओल्या फडक्यानं पुसताना घाम फुटला होता. माझं चव्वेचाळीसचं घड्याळ मला असं विसरू देत नाही.

चौथ्या दिवशी आईकडे गेलो. तिच्याकडे कपाटात बाबांचं एचएमटी ‘पायलट’ आहे: काळी तबकडी, पांढरे आकडे, सतरा ज्वेल, रोज सकाळी चावी द्यायची. पस्तीसच्या आसपासचं माप. बंगळूरला १९६१ साली सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीनं एचएमटीनं घड्याळं काढायला सुरुवात केली, त्याच घराण्यातलं. बाबा उंचेपुरे होते, मनगट चांगलं रुंद, पण घड्याळ लहान आहे असं त्यांच्या हाताकडे बघून कधी वाटलं नाही.

चहाचा कप पुढे करताना आईनं माझ्या हाताकडे पाहिलं. "ह्यांचं काढलंस होय कपाटातून? बरं केलंस. पण चावी देत जा हं रोज."

मी हो म्हणालो. मित्राला हे अजून सांगितलेलं नाही.